लोकक्षोभ ओसरल्यानंतर : कामाच्या ठिकाणचा छळ, भेदभाव आणि निवारणाची व्यवस्था

एखाद्या कंपनीत स्त्री-कर्मचाऱ्यांचा छळ होतो किंवा नोकरी देताना त्यांच्याबाबत भेदभाव केला जातो, असा आरोप जाहीर झाला की त्याचे पडसाद बहुधा ठरावीक क्रमाने उमटतात. वृत्तपत्रांत बातम्या येतात, कंपनी खुलासा करते, शासन अहवाल मागवते, संघटना निदर्शने करतात आणि काही आठवड्यांत विषय मागे पडतो. या क्षोभातून प्रत्यक्ष निष्पन्न काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गेल्या काही दशकांचा अनुभव पाहता असे दिसते, की क्षोभातून एखादा नियम, समिती, करार किंवा सक्तीने जाहीर करावयाची आकडेवारी निर्माण झाली, तरच कामगार स्त्रीच्या पदरात काही पडते. ज्या आस्थापनांचे नावही कोणाला ठाऊक नसते, तेथे तर क्षोभच निर्माण होत नाही. म्हणून लोकक्षोभावर अवलंबून नसलेली निवारण-व्यवस्था उभारणे, हे या क्षेत्रातील खरे विकासकार्य ठरते.

हा प्रश्न केवळ नीतीचा नाही, तो श्रमबाजाराचाही आहे. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर पोहोचला. मात्र या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे. नियमित वेतनाच्या नोकरीसाठी घरापासून दूर, अनेकदा वसतिगृहात राहावे लागते आणि असा निर्णय मुलगी एकटी घेत नाही. तो कुटुंब घेते. कामाची जागा सुरक्षित नाही, अशी कुणकुण गावात लागली तर एका मुलीबरोबर तिच्या मागून जाऊ पाहणाऱ्या अनेकींची वाट बंद होते. हा तोटा कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही; तो समाजाला सोसावा लागतो.

बाजारपेठ स्वतःहून दुरुस्ती का करीत नाही?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये भेदभावाचे अर्थशास्त्रीय विश्लेषण मांडले. केवळ पूर्वग्रहामुळे कार्यक्षम कामगार नाकारणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो. म्हणून स्पर्धा तीव्र असेल तर असा मालक मागे पडेल, असा निष्कर्ष त्या मांडणीतून निघत होता. प्रत्यक्षात भेदभाव संपला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो यांनी त्याचे एक कारण दाखवून दिले. व्यक्तीची पुरेशी माहिती नसताना मालक तिच्या गटाविषयीच्या समजुतीवरून अंदाज बांधतो. ‘विवाहित स्त्री रजा जास्त घेईल’ हा असाच एक अंदाज आहे. समोर बसलेली उमेदवार कशी आहे हे न पाहता तो तिच्यावर लादला जातो आणि तिला नाकारल्यामुळे तो चुकीचा ठरण्याची संधीही उरत नाही.

छळाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की संस्थेचा कारभार बिघडल्यावर तिच्यातील माणसांपुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. छळाला कंटाळून स्त्री मुकाट्याने नोकरी सोडते, तेव्हा व्यवस्थापनाला खरे कारण कळत नाही आणि तिच्या जागी येणाऱ्या स्त्रीलाही ते कळत नाही. आवाज उठवण्याची किंमत ती एकटी मोजते. त्याचा लाभ मात्र सर्वांना मिळतो. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांचा आणि खर्च एकीचा, ती गोष्ट पुरेशा प्रमाणात घडत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. लोकक्षोभ हा खर्च काही काळ वाटून घेतो. एकीचा आवाज अनेकांचा होतो आणि कंपनीच्या नावलौकिकाला धक्का पोहोचतो. हेच त्याचे बळ असते.

परंतु हे बळ सर्वांना सारखे मिळत नाही. १ नोव्हेंबर २०१८ रोजी गूगल कंपनीच्या जगभरातील सुमारे २० हजार कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निदर्शने केली. लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला कंपनी सोडताना मोठी रक्कम देण्यात आल्याचे वृत्त त्यापूर्वी प्रसिद्ध झाले होते. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारले होते. कर्मचाऱ्यांची एक मागणी अशी होती, की अशा तक्रारी न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढेच नेण्याची सक्ती रद्द करावी. कंपनीने आठवडाभरातच ती मान्य केली आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत अशी सक्ती अमान्य ठरवणारा संघीय कायदा झाला. येथे आवाज उठवणारे उच्चशिक्षित अभियंते होते. त्यांच्या जागी दुसरे मिळणे सोपे नव्हते आणि त्यांनाही दुसरी नोकरी मिळणे कठीण नव्हते. भारतातील कारखान्यात पुरवठादारामार्फत आलेल्या कंत्राटी कामगार स्त्रीची स्थिती याच्या नेमकी उलट असते. तमिळनाडूतील दोन प्रकरणांतून हे स्पष्ट होते.

श्रीपेरुंबुदूर : विवाहित असण्याचा अडसर

चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉन कंपनीचा आयफोन जोडणीचा कारखाना आहे. तेथील कामगारांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी असून त्यांपैकी अनेकजणी वसतिगृहांत राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये एका वसतिगृहात अन्नातून विषबाधा होऊन दीडशेहून अधिक स्त्रियांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर कामगार स्त्रियांनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग रोखून धरला. कारखाना काही आठवडे बंद राहिला, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि ॲपल कंपनीने या पुरवठादाराला काही काळ देखरेखीखाली ठेवले. जेवण आणि निवास यांसारख्या मूलभूत गाऱ्हाण्यांसाठी महामार्गावर उतरावे लागते, तेव्हा आत तक्रार ऐकून घेणारी विश्वासार्ह व्यवस्था नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

याच कारखान्यासंबंधी जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने दुसरे वृत्त प्रसिद्ध केले. जोडणीच्या कामावर विवाहित स्त्रियांना पद्धतशीरपणे घेतले जात नाही, त्यासाठी कौटुंबिक जबाबदाऱ्या, गर्भधारणा आणि वाढती गैरहजेरी ही कारणे दिली जातात, असे त्यात म्हटले होते. कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला. केंद्रीय श्रम मंत्रालयाने तमिळनाडू शासनाकडून तातडीने अहवाल मागविला आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन नोटिसा बजावल्या. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या वृत्तानुसार, भरतीच्या जाहिरातींत वैवाहिक स्थितीचा उल्लेख करू नये, अशी सूचना कंपनीने भरती करणाऱ्या पुरवठादारांना दिली.

या घटनाक्रमात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, कायद्याची अपुरी व्याप्ती. मंत्रालयाने समान वेतन अधिनियम, १९७६ च्या कलम ५ चा आधार घेतला. हे कलम भरतीमध्ये स्त्री व पुरुष असा भेद करण्यास मनाई करणारे होते. विवाहित व अविवाहित स्त्री यांच्यातील भेदाचा त्यात स्पष्ट उल्लेख नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये हा अधिनियम विलीन झाला. भरतीत लिंगाधारित भेदभावास मनाई तेथे कायम आहे. परंतु वैवाहिक स्थिती स्वतंत्रपणे नमूद केलेली नाही. दुसरी गोष्ट, जाहिरातीतील शब्द काढणे सोपे, प्रत्यक्ष निवड बदलणे अवघड. किती विवाहित स्त्रियांनी अर्ज केले आणि त्यांतील किती निवडल्या गेल्या, हे आकडे नियमित प्रसिद्ध होत नाहीत, तोपर्यंत बदल झाला की केवळ भाषा बदलली, हे बाहेरच्यांना सांगता येत नाही.

हा युक्तिवाद नवा नाही. मुंबईतील एका औषधनिर्मिती कंपनीच्या पॅकिंग विभागात स्त्री-कामगाराचा विवाह होताच तिची नोकरी संपुष्टात आणणारा नियम होता. विवाहित स्त्रियांची गैरहजेरी अधिक असते, असेच कारण तेथेही दिले गेले होते. कामगार संघटनेने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाने १९६५ मध्ये हा नियम अमान्य केला आणि बाळंतपणाच्या रजेसाठी राखीव कामगार ठेवून व्यवस्था करता येते, असे दाखवून दिले. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सेविकांच्या प्रकरणात पहिल्या गर्भधारणेनंतर नोकरी संपवणारी अट याच न्यायालयाने रद्द केली. मात्र सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट तेव्हा कायम ठेवली. म्हणजे सहा दशके हा प्रश्न टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आहे आणि तरीही नवनव्या कारखान्यांत तोच डोके वर काढतो.

खर्चाचा मुद्दाही तपासून पाहिला पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. जेथे या काळातील वेतन पूर्णतः मालकाने द्यावयाचे असते, तेथे स्त्रियांची भरती टाळण्याचे निमित्त मिळते, ही टीका रास्त आहे. परंतु राज्य कामगार विमा योजनेत येणाऱ्या कामगार स्त्रीला हा लाभ विमा निधीतून मिळतो. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली आणि कारखान्यांतील बहुसंख्य जोडणी-कामगारांचे वेतन सामान्यतः अशाच मर्यादेत असते. तेथे मालकावरील प्रत्यक्ष भार मुख्यतः बदली कामगार शोधण्यापुरता उरतो. विम्याची ही व्याप्ती जितकी वाढेल, तितका भेदभावाचा आर्थिक आधार ढासळेल.

दिंडीगुल : क्षोभाचे करारात रूपांतर

दुसरे प्रकरण तमिळनाडूच्याच दिंडीगुल जिल्ह्यातील नाची ॲपरल या वस्त्रनिर्मिती कारखान्याचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये तेथील एका तरुण दलित कामगार स्त्रीचा खून झाला आणि तिच्या पर्यवेक्षकाला अटक करण्यात आली. त्यानंतर कारखान्यात लैंगिक छळ नित्याचा असल्याचे आरोप पुढे आले. हा कारखाना एच अँड एम या विदेशी कंपनीसाठी कपडे शिवत असल्यामुळे प्रकरण देशाबाहेर पोहोचले.

अशा वेळी ग्राहक कंपन्यांची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे मागण्या रद्द करून मोकळे होणे. त्यामुळे ग्राहकाचे नाव स्वच्छ राहते. पण सर्वप्रथम बेरोजगार होते ती छळ सोसणारी कामगार स्त्रीच. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तमिळनाडू टेक्सटाइल अँड कॉमन लेबर युनियन या संघटनेने वेगळी वाट धरली. एप्रिल २०२२ मध्ये ही संघटना, तिच्या सहकारी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम यांच्यात बंधनकारक करार झाला. पुढे आणखी विदेशी ग्राहक कंपन्या त्यात सामील झाल्या.

या कराराची रचना अभ्यासण्याजोगी आहे. कामगार स्त्रियांमधूनच काहीजणींना प्रशिक्षण देऊन कारखान्यात निरीक्षणाचे काम सोपविण्यात आले. तक्रार करणारीवर सूड उगवण्यास मनाई करण्यात आली. लिंगाधारित छळाबरोबर जातीवरून आणि स्थलांतरित असण्यावरून होणारा भेदभावही कक्षेत घेण्यात आला. पुरवठादाराने करार मोडल्यास त्याचे व्यापारी परिणाम होतील, ही जबाबदारी ग्राहक कंपनीने स्वीकारली. म्हणजे क्षोभाच्या काळात अचानक पडणारा दबाव नियमबद्ध, अपेक्षित आणि सुधारणेशी जोडलेला झाला. त्याच वेळी त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. विदेशी ग्राहकासाठी माल न बनवणाऱ्या आणि संघटना नसलेल्या कारखान्यात असा करार करणार कोण?

ज्यांचे नाव नाही, त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच शोधावे लागते आणि भारतातील या कायद्याचा उगम कोणत्याही नामांकित कंपनीत नाही. १९९२ मध्ये राजस्थानातील भटेरी गावात, राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या स्त्रीने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. देशभरातील स्त्री-संघटनांचा क्षोभ निदर्शनांपुरता राहिला नाही. ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामावर असताना सोसाव्या लागलेल्या अत्याचाराची जबाबदारी नियोक्त्याची नाही काय, हा त्यामागचा प्रश्न होता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि प्रत्येक नियोक्त्यावर तक्रार समिती स्थापन करण्याचे बंधन आले.

तत्त्वे कागदावर आली, अंमलबजावणी रखडली. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राचेच याचिकेत रूपांतर झाले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना पुन्हा निर्देश दिले. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३ हा त्यानंतरचा टप्पा होय. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिची अध्यक्ष स्त्री असते, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरची असते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांत करावयाची आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करावयाची असते. समिती न नेमणाऱ्या नियोक्त्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरकामगार स्त्रीलाही या कायद्याचे संरक्षण आहे.

दहा कर्मचाऱ्यांची ही मर्यादा महत्त्वाची आहे. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) पीक उत्पादन व सरकारी प्रशासन वगळता देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आढळल्या. त्यांपैकी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जेमतेम १.४ टक्के होत्या. उर्वरित ठिकाणच्या स्त्रियांसाठी, तसेच तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती हाच आधार आहे. याचा अर्थ असा, की कायद्याच्या यशापयशाची खरी कसोटी महानगरांतील काचेच्या इमारतींत नाही. ती जिल्ह्याच्या ठिकाणी लागते. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याचे आणि ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या स्थापन करण्याचे आदेश दिले. कायदा लागू होऊन अकरा वर्षे झाल्यावर असे आदेश द्यावे लागावेत, यातच सारे आले.

शून्य तक्रारींचा अर्थ

क्षोभाची जागा घेऊ शकेल असे एक साधन म्हणजे नियमित माहिती. अंतर्गत समिती स्थापन केल्याचे निवेदन संचालक मंडळाच्या अहवालात देणे कंपन्यांना २०१८ मध्ये बंधनकारक झाले. जुलै २०२५ पासून किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून अधिक काळ प्रलंबित आहेत, हेही सांगावे लागते. बाजारमूल्यानुसार आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून सामाजिक जबाबदारीच्या अहवालातही ही माहिती द्यावी लागते.

हे आकडे वाचताना मात्र सावधगिरी हवी. हजारो स्त्रिया काम करीत असलेल्या कंपनीत वर्षानुवर्षे एकही तक्रार नसणे हे सुरक्षिततेचे लक्षण असेलच असे नाही. समितीवर विश्वास नसल्याचेही ते लक्षण असू शकते. समिती नव्याने कार्यक्षम झाल्यावर तक्रारी वाढणे स्वाभाविक आहे. या वाढीला ‘बदनामी’ समजून व्यवस्थापनाला धारेवर धरले, तर तक्रारी दडपण्याचीच प्रेरणा मिळेल. म्हणून तक्रारींच्या संख्येपेक्षा त्यांचा निपटारा किती वेळात झाला आणि तक्रार करणारी स्त्री वर्षभरानंतर नोकरीत आहे की नाही, हे निकष अधिक बोलके ठरतील.

न्यायाच्या दृष्टीने आणखी एक भान आवश्यक आहे. आरोप म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. कायद्याने तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी दिली आहे. जाहीर क्षोभात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पण क्षोभाला दोष देऊन भागत नाही. आतली वाट बंद असते, तेव्हाच माणसे रस्त्यावर येतात.

पुढील दिशा

या विवेचनातून काही उपाय स्पष्ट होतात. भरतीतील भेदभावाच्या व्याख्येत वैवाहिक स्थिती व गर्भधारणा यांचा स्पष्ट समावेश व्हावा. पुरवठादारामार्फत होणाऱ्या भरतीची जबाबदारी मूळ कंपनीवरही असावी, म्हणजे कंत्राटदाराकडे बोट दाखवून सुटका होणार नाही. स्थानिक समित्यांना स्वतंत्र निधी, कार्यालय आणि प्रवासखर्च मिळावा. सदस्यांची नावे व संपर्क ग्रामपंचायत, बाजार समिती, वीटभट्ट्या आणि औद्योगिक वसाहती येथे ठळकपणे लावले जावेत. वसतिगृहे ही कामाच्या जागेचाच भाग मानून त्यांची तपासणी व्हावी. मोठ्या खरेदीदारांनी, ज्यात शासकीय खरेदीही आली, पुरवठादाराशी करार करतानाच दिंडीगुलच्या धर्तीवर निवारणाची अट घालावी.

लोकक्षोभ हा लोकशाहीतील आवश्यक इशारा आहे. परंतु महामार्ग रोखल्यावरच जिचे ऐकले जाते, तिला प्रत्येक वेळी महामार्गावर यावे लागते. आणि जिच्या कारखान्याजवळून महामार्गच जात नाही, तिने कोठे जावे? तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात किंवा भट्टीवर काम करणाऱ्या स्त्रीला आपली तक्रार कोणाकडे द्यायची हे ठाऊक असेल आणि ती दिल्यावरही दुसऱ्या दिवशी तिचे काम टिकून असेल, तेव्हा विशाखा निकालाने सुरू झालेला प्रवास खऱ्या अर्थाने मुक्कामी पोहोचेल.